यात अर्थ नाही

नव्या ट्रकचा बिघाड कॉम्प्युटरच सांगतो, असं आम्हाला कॉलेजात ज्या कुणी शिकवलं, त्याने आमची सरळ फसवणूक केली आहे.

परदेशीपुऱ्यात माझ्या गॅरेजसमोर टोमॅटोंनी भरलेला एक ट्रक उभा होता. बॅटरी चार्जच होत नव्हती. मी लॅपटॉप जोडला. 'चार्जिंग कमी', एवढंच तो सांगे. अल्टरनेटर बदलला, तरी तेच. शेवटी मी म्हटलं, "ट्रकचा कॉम्प्युटर बदलावा लागेल. आठवडा जाईल."

ड्रायव्हर कैलासजी कळवळले, "साहब, आठ दिन में तो पूरी गाड़ी की चटनी बन जाएगी!"

शेजारच्या दुकानातले वायरमन काळेकाका ट्रकखाली डोकावले आणि म्हणाले, "भिया, यात अर्थ नाही."

माझं डोकंच फिरलं. "अर्थ कसा नाही, काका? ही शास्त्रीय पद्धत आहे! अंदाजाने ठोकाठोकी करूनच आपला देश मागे राहिला!"

मी पाच मिनिटं बोलत होतो. तोवर काकांनी एक जाड वायर सोडवली, तिच्याखालचा चासीचा ताजा रंग पॉलिश पेपरने खरवडला आणि वायर पुन्हा कसली. कैलासजींनी इंजिन चालू केलं. बॅटरीचा लाल दिवा गेला.

"अर्थिंगची वायर होती ना भिया, रंगावरच कसलेली," काका हात पुसत म्हणाले. "मी तेच तर सांगत होतो."

कैलासजी खिडकीतून वाकून म्हणाले, "साहब, भाषण में करंट तो पूरा था, बस अर्थ नहीं था."