वाऱ्याची रेघ, काचेची रेघ

जर्मनीतल्या गटिंगेनच्या बसमध्ये गेरलाखआजोबांच्या पुढच्या बाकावर वातबोगद्यात, म्हणजे वेगवान वारा सोडून चाचण्या घेतात त्या बोगद्यात, काम करणारे दोघे बसले होते, पिकल्या केसांचे ओल्टमान आणि तरुण रेन्के.

"साहेब, हा फोटो बघा. ही काळी रेघ."

"अरे, वारा वेगाने धावताना जिथे दाटतो, तिथे प्रकाश वाकतो आणि रेघ उमटते. तेच तर मोजतो आपण. त्यात नवीन काय?"

"हा फोटो वारा सोडण्याआधीचा आहे."

"काय?"

"वारा नाही, तरी रेघ आहे. म्हणजे ती बोगद्याच्या खिडकीच्या काचेत आहे. काच तडकतेय, साहेब."

"आपल्याकडची ती नवी मुलगी, फ्राउके, काल हेच बोंबलत होती."

"आणि तुम्ही तिला सगळ्यांसमोर म्हणालात, आधी हवा आणि काच यांतला फरक शिकून ये."

"आत्ता कुठे आहे ती?"

"बोगद्यापाशीच. तुम्हीच सांगितलंत ना, आज दुप्पट दाब लावून बघ म्हणून."

"अरे देवा! काच फुटली तर तिच्या तोंडावर येईल. फोन लाव!"

"उचलत नाही."

"परत लाव!"

गेरलाखआजोबांनी मांडीवरची टोपी घट्ट आवळून धरली.

"उचलला! घ्या."

"फ्राउके, झडपेला हात लावू नकोस! आधी काचेसमोरून बाजूला हो. झालीस? नक्की? बरं... ऐक. तुझंच बरोबर होतं. मी चुकलो."

ओल्टमाननी डोळे मिटून श्वास सोडला.

"काय म्हणाली, साहेब?"

"म्हणाली, थांबा, सगळे इथेच आहेत, फोन स्पीकरवर टाकते. आता परत म्हणा."