शिवाप्पा शेठचं टमरेल

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाचा दुष्काळ आठवतो ना? आमच्या अहमदपुरातल्या शिवाप्पा शेठला झोप येईना. डॉक्टर म्हणाले, "रोज पहाटे झपाझप चाला."

शेठ मला म्हणाला, "बिनकामाचं फिरलो तर लोक हसतील."

म्हणलं, "हातात टमरेल धरा. कोणी हसणार न्हाई."

"पाणी कुठंय?"

"रिकामंच धरा. आत कोण पाहतंय?"

आठ दिवसांत दुकानात गिऱ्हाईकं विचारून राहिली, "शेठ, रोज एवढ्या घाईत जाता, पोट लई बिघडलं का?" कोणी ताक आणलं, कोणी डाळिंबाची साल.

शेठ माझ्यावर भडकला, "अब्रू घालवलीस माझी."

"अन् झोप?"

"ती लागून राहिली," शेठ म्हणाला. "म्हणून फिरणं सोडत न्हाई. पण उद्यापासून तूबी टमरेल घेऊन संगं चल. एकट्याचीच अब्रू कशाला जावी?"