अर्धी दाढी आणि एक होकार

"हॅलो?... हां, बोल. अगं, मास्तर बसलेत खुर्चीत. एक गाल झालाय, एक राहिलाय. थोडक्यात सांग... कुठून? दवाखान्यातून? पोरीला काय झालं?... काही नाही? मग... अच्छा, ती लस! सकाळीच नको म्हटलं होतं ना मी?"

सलूनवाल्याने फोन खांद्यात दाबला आणि वस्तरा तसाच हवेत धरला. खुर्चीतल्या गणिताच्या मास्तरांची नजर त्या वस्तऱ्यावरून हलेना. बाकावरच्या टेम्पोवाल्याने आणि म्हाताऱ्या पोस्टमनने पेपर हळूच खाली घेतले. सगळ्यांच्या घरातल्या गोष्टी ज्याच्या कानावर पडतात, त्याच्या घरातली गोष्ट आज फुकट ऐकायला मिळत होती.

"गेलीच आहेस तर मला कशाला विचारतेस?... हात पुढे करत नाही? का?... 'बाबा नको म्हणाले' म्हणून?"

तो जरा सुखावला. मग चोरी पकडली गेल्यासारखा झाला.

"बरोबरच म्हणाले बाबा! बारा वर्षांची पोर. तिला एच... पी... काय ते? हां, व्ही. तो तर तसल्या... तसल्या संबंधातून होतो ना?... मोठ्याने बोलू? इथे? वेडी आहेस का तू!"

"हो, हो... गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, कळलं. मग कॅन्सर काय एकमेकांचा लागतो?... नाही लागत. विषाणू लागतो. आणि त्याचा पुढे... पण सगळ्यांना नाही होत? अगं, एकदा हो म्हणतेस, एकदा नाही!"

"म्हणूनच आता? काही व्हायच्या कितीतरी आधी?... पण लोक म्हणतील, बापाने आत्तापासूनच... पोलिओच्या वेळी? नाही, तेव्हा नव्हतं विचारलं मी काही. ते थेंब होते गं."

"काय? बहुतेकांना कधी ना कधी होऊन जातो? आपला आपण बराही होतो?... म्हणजे मलाही होऊन गेला असेल? मला?"

आरशात सगळे डोळे त्याच्यावर आले. पोस्टमन बाकावर जरासा सरकून बसला.

"तसलं काही नाही हो!... नाही गं, तुला नाही, यांना म्हटलं. अगं ऐक ना... थांब, फोन कुणाला देतेस? नर्सबाईंना नको... हां, चिमे. बोल बाळा."

"हे सगळं सांगितलं कुणी तुला? नर्सबाईंनी?... आणि कळलं?... मला नाही कळलं अजून. मग घाबरतेस कशाला?... सुईला? नुसत्या सुईला?"

त्याने वस्तरा फळीवर ठेवला. सकाळपासून तो ज्याला भीत होता, ते पोरीच्या गावीही नव्हतं.

"दुखेल. थोडं दुखेल, खोटं कशाला सांगू? हाताकडे बघू नकोस. समोर काय आहे?... पंखा? मग पंख्याकडे बघ... हो. बाबा हो म्हणाले, सांग आईला... सकाळी? सकाळी बाबाला धड माहीत नव्हतं. आत्ताही नाही. पण हो. फोन चालू ठेव."

मास्तरांच्या गालावरचा फेस सुकायला लागला.

"झालं?... एवढंच?... रडलं कोण? आई?"

त्याने नाक ओढलं आणि टॉवेल उगीच झटकला. तेवढ्यात मास्तर ओठ न हलवता काहीतरी पुटपुटले.

"हां, आईकडे दे... अगं, ठेवू नकोस! नर्सबाई आहेत ना? त्यांना विचार, मुलग्यांनाही देतात का. मास्तरांना दोन आहेत... मी कुठे सांगितलं? त्यांनी ऐकलं!... आणि टेम्पोवाल्यांची सोळाची आहे, तिला उशीर झाला का?... अहो, एकेकाने बोला!... काय? देतात? काय म्हणाल्या बाई? मोठ्याने बोल गं, सगळ्यांना ऐकू येऊ दे... हॅलो?... हॅलो?"