थोरलीची ओवी

(कलबुर्गी. हॉकीच्या फायनलच्या आदल्या दिवशीची दुपार. बाहेरगावच्या संघांना उतरायला दिलेल्या शाळेचा व्हरांडा. दोघी बहिणी. धाकटी गोलकीपरचे पॅड उन्हात वाळवते आहे.)

भुवनेश्वरी : आल्यापासनं तिसऱ्यांदा म्हनायलीस अक्का, उद्या गाऊ नको. कामून गाऊ नको?

नेत्रावती : घसा बसलाय तुझा. म्हणून.

भुवनेश्वरी : बसू दे की. उद्या तू स्पोर्ट्स हॉस्टेलकडनं, मी गावाकडनं. माझा घसा बसला तर तुमच्या टीमनं साखर वाटावी.

नेत्रावती : मी टीमकडून आले नाही, भुवी.

भुवनेश्वरी : मग अक्कावानी बस. हे पॅड पालथं धर. आतनं वलं हाय अजून. तुमच्या त्या हिरव्या मैदानावर खेळायच्या आधी पानी मारतेत म्हनं? आमच्या मुरमावर मारलं तर बॉल चिखलात बसंल.

नेत्रावती : त्या पाण्यावरून बॉल सुसाट येतो. पापणी लवायच्या आत.

भुवनेश्वरी : म्हनूनच तर गावं लागतंय. पोरी बॉलकडं बघतेत, कोन कुठनं मोकळी सुटली ते मला गोलातनं दिसतंय. बंधूची ओवी धरली की डाव्या हाताला पळतेत, सासूची धरली की उजव्या, आन् माहेराची म्हनली की सगळ्या माघारी. तुला काय सांगू, खुरपता खुरपता तूच तर बसवलीस ही रीत. काल सेमीफायनलला लोक हासायलते, गोलकीपर गातीय म्हनून. एक बी गोल झाला न्हाई, तवा गप झाले.

सुनीलकुमार सर : भुवनेश्वरी, चहा झाला का... कोण, नेत्रावती? तिकडच्या गोटातनं इकडं?

नेत्रावती : नमस्कार सर.

सुनीलकुमार सर : उठू नक्को, बस. काय बेत हाय तुमचा? किती गोल घालणार आम्हाला?

नेत्रावती : तसं काही नाही सर.

सुनीलकुमार सर : गेल्या साली ही गोलात नव्हती, तवा पाच घातले तुम्ही. यंदा निम्मा निम्मा डाव हाय बघ. आमच्या पोरी पळण्यात कमी, मारण्यात कमी, मी कबूल करतो. पण हिच्या गळ्यावर दहा जणी एका जिवानं हालतेत. ते तुमच्या हॉस्टेलात शिकवून येत न्हाई. सकाळीच पंचायतीच्या मेंबरांचा फोन होता. कप आणला तर मैदान शाळेला, न्हाई तर दिवाळीनंतर तिथं बाजाराचे गाळे. भुवी, गरम पाणी पी. गळा जप बाळ. बसा तुम्ही.

भुवनेश्वरी : व्हय सर.

नेत्रावती : गेले?

भुवनेश्वरी : गेले. आन् तू त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला न्हाईस. काय केलीस अक्का?

नेत्रावती : सांगून बसलेय गं.

भुवनेश्वरी : काय सांगून?

नेत्रावती : सगळं. बंधूची कशाला, सासूची कशाला. पहिल्या साली कपडे धुताना गायचे मी. घरची सय आली की दुसरं काय येत होतं मला? कानडी पोरी, एक शब्द कळत नव्हता, तरी माझ्यामागं म्हणायच्या. काल आमच्या कोच मॅडमनी तुमचा सामना मोबाइलवर लावला. तुझा आवाज आला आणि सगळ्या एकदम म्हणाल्या, हे तर नेत्राचं गाणं. मॅडमनी विचारलं, सामन्यात कशाला गातात? छाती भरून आली माझी. माझं गाव, माझी बहीण. सांगत सुटले. त्यांनी वही काढली तेव्हा कळलं, काय करून बसले ते.

भुवनेश्वरी : दे ते पॅड इकडं.

नेत्रावती : बोल की. शिवी तरी दे.

भुवनेश्वरी : गाळ्यांच्या शटरला रंग कुठला देतील, त्याचा इचार करायलेय.

नेत्रावती : म्हणून म्हणते, गाऊ नको. नाहीतर उलटं कर. बंधूची उजवीकडं, सासूची डावीकडं.

भुवनेश्वरी : चार सालाची सवय हाय पायांना. झोपेत बंधू म्हनलं तरी डावीकडंच पळतील.

नेत्रावती : मग मी उद्या खेळतच नाही. पाय मुरगळला म्हणून सांगते.

भुवनेश्वरी : खुळी हाईस का? तुला इकडं धाडली तवा अव्वा तीन दिवस धड जेवली न्हाई. अप्पा बांधावर जाऊन बसायचे, कुनी बघू नये म्हनून. ते काय तू पाय धरून बसावंस म्हनून? तसलं जिंकून राह्यलेल्या मैदानात मी कुठल्या तोंडानं उभारू?

नेत्रावती : मग काय करशील?

भुवनेश्वरी : थांब. हाय एक ओवी अव्वाची. पोरींना पाठ हाय आन् तुला न्हाई.

नेत्रावती : अव्वाची अशी कुठली ओवी, जी मला येत नाही?

भुवनेश्वरी : तू गेल्यावर जोडलेली. दोन साल झालं, खुरपायला बसली की पहिली तीच धरतीया. शेजारच्या पातीला आमच्याच पोरी असतेत, आयकून आयकून त्यांना बी आली. तीन कडवी हायती. एक डाव्याला, एक उजव्याला, एक माघारीला. सांजच्याला पोरींना घेऊन बसते.

नेत्रावती : कशावर आहे?

भुवनेश्वरी : तुझ्यावर.

नेत्रावती : माझ्यावर? फोनवर तर जेवलीस का, एवढंच विचारती अव्वा.

भुवनेश्वरी : फोनवर खुरपं नसतंय हातात.

नेत्रावती : म्हण की. एकच ओळ.

भुवनेश्वरी : "तुरीला आली गं फुलं, थोरली न्हाई घरी..."

नेत्रावती : फुडं?

भुवनेश्वरी : फुडलं उद्या.

नेत्रावती : भुवी, उद्या पेनल्टी कॉर्नर मीच मारायचा आहे. तुझ्या समोरून.

भुवनेश्वरी : ठावं हाय.

नेत्रावती : आणि तू तवा हेच म्हणणार.

भुवनेश्वरी : माझ्याकडं दुसरं ठेवलंस काय तू?

नेत्रावती : हात उठला नाही माझा, तर?

भुवनेश्वरी : उठव. जोरात मार, मी अडवीन न्हाई तर न्हाई. फक्त तेवढी ओवी पुरी आयकून मार अक्का.