युर्गनची मेथी

सासूबाई पहिल्यांदा एर्लांगेनला आल्या होत्या ना, तेव्हाचं ऐका. आमचा शेजारी युर्गन पडलेल्या चेहऱ्याने एक बरणी घेऊन दारात. आत बाल्कनीत पिकवलेला गांजा. जर्मनीत आता कायद्याने तीन झाडं चालतात. उन्हाळाभर पोरासारखा जपलेला, पण बरणीत भरल्यावर त्याला ओल्या गवताचा वास यायला लागला होता.

"काय गं ते?" सासूबाईंनी विचारलं.

मी घाबरून म्हटलं, "मेथी. इकडची, जर्मन."

त्यांनी बरणी हुंगली. "ओली असतानाच भरलीये. सगळी काढून कागदावर पसर म्हणावं. उन्हात नको, सावलीत. काडी कट्कन मोडली की मगच भरायची, आणि रोज झाकण उघडून वारा द्यायचा."

मी सगळं युर्गनला जर्मनमध्ये सांगितलं.

तीन आठवड्यांनी युर्गन नाचतच आला. "सुपर!" म्हणत त्याने सासूबाईंच्या हातात घरी केलेला प्लमचा केक ठेवला.

तो गेल्यावर मला राहवेना. "आई, ती मेथी नव्हती."

"माहितीये. माझं माहेर गोसाव्यांच्या मठाशेजारी. चिलमीचा वास मी ओळखणार नाही?"

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"शेजाऱ्यादेखत सुनेला खोटं कशाला पाडायचं?"