कव्हरची पाठ

चैताली : नाही बाबा, ही आपली सनईची रेकॉर्ड नाही.

निवृत्ती : सनईचीच आहे. परवाच ऐकली.

चैताली : मी सुरांचं म्हणत नाहीये, कव्हरचं म्हणतेय. आपल्या कव्हरवर सनईवाल्याची शाल जांभळी होती. लहानपणी तिच्यावर बोट ठेवून मी 'वांग्याचा रंग' म्हणायचे. ही चक्क विटकरी आहे.

निवृत्ती : ऊन लागून रंग उतरतो.

चैताली : रंग उतरेल, पण पत्त्यात पिनकोड कसा उगवेल? हे बघा, मागे... सॉरी बाबा. मागे कंपनीच्या पत्त्यात पिनकोड छापलाय. तुम्हीच शिकवलंत मला, पिनकोड आला बहात्तर साली. तो असला की नंतरची छपाई. आपली पहिली होती. आणि ही लावण्यांची बघा, हिच्यावरची घुंगरं अर्धी कापली गेलीत. आपल्याकडे पूर्ण पाय होता. अर्धं कपाट बदललंय कुणीतरी!

निवृत्ती : हळू बोल.

चैताली : ऐकायला आहे कोण? विमलाबाई पोळ्या करून केव्हाच गेल्या, आणि त्यांना रेकॉर्डमधलं काय कळतं? दर गुरुवारी येऊन हे कपाट उघडणारा माणूस एकच आहे. गोटीकाका.

निवृत्ती : बस जरा इथे.

चैताली : बसत नाही. तुमचा दोस्त तुम्हाला लुटतोय, बाबा.

निवृत्ती : माहीत आहे मला.

चैताली : काय?

निवृत्ती : काचबिंदूने डोळे नेले, बोटं नाही नेली. सगळी नोकरी छापखान्यात कागद तपासण्यात गेली माझी. जुन्या कव्हरचा पुढचा चकचकीत कागद कडेने मागे दुमडून चिकटवलेला असतो. ती घडी नखाला लागते. नंतरच्या कव्हरांची पाठ सपाट. सनई बदलली त्याच रात्री कळलं.

चैताली : आणि गप्प बसलात?

निवृत्ती : गोटीराम मनमाडला रेल्वेत पॉइंट्समन होता तेव्हा आम्ही तिथल्या जुन्या बाजारात जायचो. भंगाराच्या ढिगात चांगली रेकॉर्ड दिसली की आधी हात पडायचा माझा. पहिली छपाई मला, दुसरी त्याला. वर्षानुवर्षं तसंच. तो हसून म्हणायचा, गाणं तर तेच ना!

चैताली : म्हणून आता चोरायच्या?

निवृत्ती : जी नेतो तिच्या जागी स्वतःची ठेवतो. एकही जागा रिकामी ठेवली नाही त्याने. आणि तुझ्या आईची ती भीमगीतांची छोटी रेकॉर्ड आहे ना, तीही पहिल्या छपाईची. तिला हात लावला नाही.

चैताली : मोठे उपकार केले!

निवृत्ती : डोळे गेले तेव्हा महिनाभर रांग लागली होती भेटायला. नंतर? तू येतेस सुट्टी मिळाली की. माझी तक्रार नाही. पण तो दर गुरुवारी सायखेड्याहून एसटीने येतो. गुडघा धरून जिना चढतो. कव्हर हातात घेऊन मला सगळं वाचून दाखवतो, सुईवरची धूळ फुंकतो, मग लावतो. दुपार कशी जाते कळत नाही. आज येईल. तू काही बोलायचं नाहीस.

चैताली : बाबा...

निवृत्ती : माझ्यासाठी. बघ, बेल वाजली.

गोटीराम : आरं निवृत्ती, जिना वाढवला का काय तू? आं, चैताली! कधी आली गं? वाळली लय. पुण्यात खायला नाय का मिळत?

चैताली : या काका.

गोटीराम : काय लावू रे आज? सनई लावू?

निवृत्ती : लाव.

चैताली : आधी कव्हर वाचून दाखवता ना बाबांना? आज मलाही ऐकू द्या.

निवृत्ती : चैताली, पाणी आण त्याला.

गोटीराम : राहू दे पाणी. दावतो की. हा बघ, मांडी घालून बसलाय. जांभळी शाल. मागं वडाची सावली.

चैताली : जांभळी?

गोटीराम : जांभळीच हाय.

चैताली : आणि मागच्या बाजूला? पत्त्यात पिनकोड आहे का हो?

गोटीराम : नाय. पिनकोड नाय.

चैताली : माझे डोळे चांगले आहेत, काका.

निवृत्ती : अगं, मीच म्हटलं होतं त्याला. पहिल्या छपाईच्या तू घेऊन जा, मला आता काय करायच्यात? तुला सांगायचं राहिलं.

चैताली : बाबा, खोटं कशाला बोलताय?

गोटीराम : खोटंच हाय ते, पोरी. हा तसं कधीच म्हणला नाय.

निवृत्ती : गोटीराम, बस तू.

गोटीराम : तुला ठावं होतं?

निवृत्ती : सनईपासून.

गोटीराम : म्हणजे मी जांभळी शाल म्हणायचो, अन् तू मान डोलवायचा.

निवृत्ती : तू छान वाचायचास.

गोटीराम : शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं रे.

चैताली : पण का केलंत असं, काका?

गोटीराम : काय सांगू? आवाजात इतकुसा फरक नाय. घरी लावायचो अन् मनात म्हणायचो, आज पहिली माझ्याकडं हाय. एक नेली, मग हात थांबना. नेताना वाटायचं, ह्याला कुठं दिसतंय. असं वाटायचं मला, निवृत्ती. तुझ्या पुढ्यात बसून.

निवृत्ती : झालं ते झालं. चहा घे.

गोटीराम : नको. काठी कुठं ठिवली मी? हां. येतो.

निवृत्ती : रेकॉर्ड तर लाव. गोटीराम? पुढच्या गुरुवारी जरा लवकर ये, ऊन व्हायच्या आत.

चैताली : गेले ते, बाबा. जिना उतरले.

(महिन्याभराने. चैताली पुन्हा सुट्टीला आली आहे.)

चैताली : तीन खोकी आहेत. रिक्षावाला वर आणून ठेवून गेला. म्हणाला, स्टँडवर एका आजोबांनी पत्ता सांगितला, खोकी चढवून दिली आणि तिथूनच परत फिरले.

निवृत्ती : स्टँडपर्यंत आला होता?

चैताली : हो. थांबा, उघडते... बाबा, सनई! शाल जांभळी आहे! ही धरा.

निवृत्ती : हं. घडी लागतेय.

चैताली : लावण्यांची पण आली. पूर्ण पाय, सगळी घुंगरं. सगळ्या परत केल्या त्यांनी! पण मग बाकीच्या दोन खोक्यांत काय आहे? ही बैलगाडीची आपलीच ना?

निवृत्ती : चाकाजवळ कुत्रं आहे का?

चैताली : नाही. चाक आहे, कुत्रं नाही.

निवृत्ती : मग ती त्याची. माझ्या कव्हरवर कुत्रं आहे. दुसऱ्या छपाईत ते गेलं.

चैताली : म्हणजे स्वतःच्याही पाठवल्या? सगळ्या? आणि हे काय, कागदाच्या पुडीत... सुई आहे, बाबा.

निवृत्ती : त्याच्या प्लेयरची.

चैताली : फोन लावते त्यांना. ... उचलत नाहीयेत.

निवृत्ती : मीही रोज लावतो.

चैताली : मी उद्या सायखेड्याला जाऊन येते. सांगते, माझं चुकलं म्हणून.

निवृत्ती : तुझं काय चुकलं? तू खोटं एक अक्षर बोलली नाहीस. तो आता घराबाहेर येणार नाही, चैताली. मी ओळखतो त्याला.

चैताली : मग तुम्ही चला माझ्याकडे पुण्याला. इथे एकट्याने...

निवृत्ती : बघू.

चैताली : ह्या कुठे ठेवू? कपाटात तर जागा नाही.

निवृत्ती : राहू दे खालीच. फक्त दारातून जरा बाजूला सरकव. कुणी आलं तर ठेच लागायची.