एक चमचा, सपाट

…आणि वर मलाच विचारतात, तुझं लक्ष कुठे होतं? अहो, मिठाच्या बरणीतच होतं. तुम्हाला सांगतो, बाबांचे पाय सुजले, बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा, जिना चढले की धाप… तेव्हा डॉक्टर म्हणाले, मीठ दिवसभरात एक चमचा, सपाट, नाहीतर हृदयाला झेपायचं नाही. सोपं आहे ना? पण चमचा म्हणजे किती, हे कुणी कुणाला विचारायचं?

बाबा निवृत्त हेडमास्तर. मी कॉलेज सोडल्यापासून माझ्याशी बोलायचं झालं तर भिंतीशी बोलतात. "घरीच बसतोय तर रांधू दे रात्रीचं," हेही भिंतीलाच. बरं. मी मापाचे चमचे आणले, एका कडीत ओवलेले. मीठ भरायचं, सुरीच्या पाठीने शीग उडवायची. आत्या कमरेवर हात ठेवून उभी. "प्रयोगशाळा उघडलीस का रे? आमचं माप हातात असतं." असेल, पण तिचा हात म्हणजे फावडं. आणि बाबा? ज्यांनी पोटच्या पोराला अर्ध्या मार्कासाठी नापास केलं, ते ताटावरून भिंतीला सांगतात, "सपाट म्हणजे अगदी खरवडून नव्हे. थोडी शीग धरतात." माझ्या अर्ध्या मार्काला का नाही धरली मग? मी आपला सुरी फिरवतोय, रोज, इमानदारीत, आणि पाय आहेत की सुजतच चाललेत. आता तुम्हीच सांगा, चमचा म्हणजे किती?

परवा सकाळी बाबांना श्वासच घेता येईना. उचलून दवाखान्यात नेलं. नाकातोंडावर मास्क. नर्सने सहज विचारलं, "यांच्या जेवणात मीठ कोण घालतं?"

"मी," आम्ही तिघं एकदम. वर छाती काढून.

म्हणजे बघा, आई ऑफिसला जाताना नाश्ता करून जाते, त्यात एक चमचा. दुपारी आत्या, एक चमचा. रात्री मी, एक चमचा, सपाट. डॉक्टरांचा शब्द प्रत्येकाने पाळला, आणि तो एक चमचा आपलाच असं प्रत्येकाने धरलं. विचारलं का नाही? अहो, आमच्या घरात विचारलं की हरलात. मी नापास झालो ते वर्षसुद्धा असंच, एका छताखाली, न विचारता गेलं.

डॉक्टर आले, पाय दाबून बघितले, म्हणाले, "वाचले. पण आता पाणीसुद्धा मोजून. दिवसाला चार पेले."

आईने आत्याकडे बघितलं, आत्याने माझ्याकडे. तिघांच्या डोळ्यांपुढे तीन वेगळे पेले, मला स्वच्छ दिसले. आणि बाबांनी मास्क बाजूला सारला. कित्येक महिन्यांनी भिंत सोडून थेट माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलतील काहीतरी, बापासारखं. मी कान त्यांच्या तोंडाजवळ नेला. आणि ते म्हणाले,

"काठोकाठ ना?"

…चला, निघतो. मापाचा पेला कुठे मिळतो, माहीत आहे का कुणाला?